आक्कांचं अपुरं कोलम

आमच्या गल्लीत एका दारापुढं रोज सकाळी अपुरं कोलम असतं. ठिपके जागच्या जागी, रेघा सुबक, आणि एका कोपऱ्यात बोडकी जागा. तंजावरात रांगोळीची रेघ उघडी ठेवणं म्हणजे अवदसेला आवतण. बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा सुभद्राक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "येऊ दे की अवदसा. तिलापण परीक्षेला बसवते!"

सुभद्राक्का माझ्या समोरच राहतात. राजवाड्यामागच्या या गल्लीत आमची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भांडण मराठीत सुरू होतं आणि तमिळमध्ये रंगतं. आक्कांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. भावाची मुलगी तारा शिकायला म्हणून खेड्यातून आली ती त्यांच्याकडंच राहिली. बारावीत ती म्हणाली, "आत्या, मला फौजेत अधिकारी व्हायचंय." आक्का म्हणाल्या, "सरी." आमच्याकडं 'सरी' म्हणजे 'बरं', पण आक्कांची 'सरी' म्हणजे हुकूम.

झालं, त्या दिवसापासून आमची शांतता गेली.

फौजेच्या परीक्षेत म्हणे आकृत्या असतात. तीन चौकटी भरलेल्या, चौथी रिकामी, तिथं काय येईल ते ओळखायचं. पुस्तकातल्या आकृत्या संपल्यावर आक्कांनी अंगणाचाच पेपर केला. पहाटे त्या कोलम काढायच्या आणि एक कोपरा सोडायच्या. तारानं डोळे चोळत येऊन तो भरायचा. एक वळण चुकलं की आक्का अख्खी बादली ओतायच्या. "नापास! परत!" पाणी वाहत यायचं माझ्या पायरीशी.

'अशा प्रसंगी काय कराल' असले प्रश्न वेगळेच. गजराचं घड्याळ लावायचं आणि अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायचं. अडलं तर रेंगाळायचं नाही. आक्का टाळी वाजवायच्या, "अडलेल्या प्रश्नापाशी बसून राहायचं नाही. सरी, पुढला!" हे पुढं त्यांच्या तोंडात इतकं बसलं की दूध उतू गेलं तरी "सरी, पुढला", डॉक्टरांनी गुडघे गेले सांगितलं तरी "सरी, पुढला".

मलाही सोडलं नाही. "गणू, तू बोटीत आहेस. बोटीला भोक पडलंय. काय करशील?"

"आक्का, मी बोटीत बसतच नाही."

"नापास! तुझ्यासारख्यांना घेऊन निघाले असते ना, तर आपले पूर्वज तंजावर गाठायच्या ऐवजी अजून महाराष्ट्रात गावच्या वेशीवरच बसले असते!"

बायको फिदीफिदी हसली. मला रागच आला, पण बोलतो कोण?

एकदा ताराचे वडील आले. तिकडं कालव्याकाठी त्यांची भातशेती. मोपेडवरून उतरले तेच तणतणत. "आक्का, पोर घेऊन जायला आलोय. बंदुका धरायला मुलगी दिली नाही तुझ्याकडं."

आक्कांनी त्यांना ओट्यावर बसवलं, कॉफी दिली आणि घड्याळ पुढं ठेवलं. "प्रश्न ऐक. तुझी पोरगी तुझ्याहून धीट निघाली आहे. तू काय करशील? अर्धं मिनिट."

"आक्का, हा काय पोरखेळ..."

"वेळ चाललाय."

ते घड्याळाकडं बघत राहिले. आत दारामागं तारा उभी होती. गजर वाजला. "नापास," आक्का म्हणाल्या, "पण तुझ्या वाटचं उत्तर द्यायला ती आहे. कॉफी पी, निवतेय." भाऊ कॉफी प्याले आणि एकटेच परत गेले.

त्या संध्याकाळी मी भीत भीत म्हटलं, "आक्का, पोर पास झाली तर तुमचं कसं? एवढ्या घरात एकट्या?"

"सरी, पुढला!" म्हणून त्यांनी दार लावलं. धाडकन.

तारा पास झाली. लेखी, मुलाखत, वैद्यकीय, सगळं. गल्लीनं मिठाई वाटली. नाकं मुरडणाऱ्या बायका सगळ्यांत पुढं. स्टेशनावर तारा रडली, तिचे वडील रडले, खोटं कशाला सांगू, मीही रडलो. आक्कांनी फक्त तिच्या पाठीत थाप घातली. "ताठ उभी राहा." गाडी हलली तशा त्या वळल्या आणि रिक्षावाल्याशी भांडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दारापुढं कोलम, आणि कोपरा रिकामा. वाटलं, हाताची सवय, विसरल्या असतील. तिसऱ्या दिवशीही तेच. मला राहवेना. घरातून कोलमसाठी तांदळाच्या पिठाची वाटी आणली, वाकलो, आणि त्या जागी बोट टेकणार तोच दारातून आवाज आला.

"गणू! हात लावू नकोस. तो प्रश्न तुला घातलेला नाही."

"आक्का, तारा आता सुट्टीलाच येणार. अडलेल्या प्रश्नापाशी बसून राहायचं नाही, तुम्हीच म्हणता ना?"

मी वाट बघत होतो, आता टाळी वाजेल. वाजली नाही. गुडघे धरत धरत त्या पायरीवर बसल्या.

"हा एक राहू दे रे," त्या म्हणाल्या. "या एकापाशी मी बसते."