दार नसलेला पट

रविवारचं दुपारचं जेवण सगळ्यांनी ताट मांडीवर घेऊन केलं, कारण टेबलावर बाबा अडकले होते.

अडकली होती खरं तर त्यांची सोंगटी. पण सकाळच्या चहापासून ते तिच्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने बघत होते की दोघांत फरक करणं अवघड झालं होतं. समोर त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, कार्डांचा गठ्ठा हातात धरून निवांत बसली होती. मध्ये घड्याळाकडे बघत नखं खात होती ती खेळाची जन्मदात्री, बाबांची लेक. घरात तिला ठमी म्हणत. ती टेबलावर खेळायचे खेळ बनवायची, आणि हे सांगितलं की लोक विचारायचे, "बरं, आणि काम काय करता?"

या प्रश्नाचं उत्तर सोमवारी सकाळी मिळणार होतं. एका कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी तिला पहिलंवहिलं मोठं काम दिलं होतं. प्रेमात पडलेला माणूस काळजी कधी घेतो आणि वेसण कधी घालतो, हे मुलामुलींना खेळता खेळता कळलं पाहिजे. खेळ पसंत पडला तर तो बाकीच्या कॉलेजांतही जाणार होता. नाही पडला तर बाबांच्या ओळखीने विमा कंपनीत एक खुर्ची रिकामी होती आणि ठमीने तिच्यावर बसायचं कबूल केलं होतं.

बाईंच्या अटी दोनच. खेळ एका तासिकेत संपला पाहिजे आणि त्यात हिंसा नको. दुसरी अट बाईंनी फार मनावर घेतली होती. सोंगटी मारायची नाही, कुणी बाद व्हायचं नाही, लाल रंग वापरायचा नाही. फासासुद्धा फेकायचा नाही, कारण फेकणं आक्रमक दिसतं. तो तळहातावरून हळूच उतरवायचा. आत्याने तो इतका हळूच उतरवला की दर वेळी सहाच पडले. तेव्हा तो चहाच्या कपात ठेवून कप अलगद कलंडवायचा, असा तोडगा निघाला.

खेळ तसा साधा होता. एक चालणारा आणि एक जपणारा. चालणाऱ्याजवळ सुरुवातीला चार मित्र, एक छंद आणि रात्रभराची झोप, सगळं लाकडी चकत्यांच्या रूपात. चालणाऱ्याने फाशाप्रमाणे सोंगटी पुढे न्यायची आणि जपणारा दर वेळी एकेक कार्ड वाचणार. चालणाऱ्याने ऐकलं तर एक चकती द्यायची. नाही ऐकलं तर जपणारा रुसणार, आणि त्याचा रुसवा काढायला दोन चकत्या द्यायच्या.

"पोचलास की फोन कर," आत्याने पहिलं कार्ड वाचलं होतं.

यात काय वाईट, म्हणून बाबांनी एक मित्र दिला. पुढचं कार्ड होतं, "पोचल्यावर फोटो पाठव. मागची भिंत दिसू दे." दुसरा मित्र गेला. "तुझ्या त्या मित्राबद्दल मी काही म्हणत नाही, मी फक्त सांगतेय," यावर तिसरा गेला. मग चौथा गेला, छंद गेला, झोप गेली. शेवटी चकत्या संपून बाबा दाराबाहेर उभ्या असलेल्या भिजक्या मांजरासारखे दिसू लागले, तेव्हा आत्याने माफीचं कार्ड काढलं. "पुन्हा नाही असं होणार. शप्पथ." या कार्डाला सगळ्या चकत्या परत मिळायच्या आणि सोंगटी पहिल्या घरात जायची. मग पुन्हा पोचलास की फोन कर.

बाबा निवृत्त सर्व्हेअर. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी आखल्या, पण थोरल्या बहिणीने आपल्या हद्दीत किती आत यायचं हे त्यांना कधीच आखता आलं नव्हतं. आत्या मुलींच्या वसतिगृहाची निवृत्त रेक्टर. तिला कार्डं लागतच नव्हती, ती केवळ नियम म्हणून वाचत होती. दुपारी शेजारचे काका फिरायला बोलवायला आले तर बाबा म्हणाले, "अक्काला विचारून सांगतो."

"जा की," आत्या म्हणाली. "मी कुठे अडवलंय? मी बसेन एकटी."

बाबा गेले नाहीत. हे वाक्य गठ्ठ्यात नव्हतं. ठमीने ते कौतुकाने नव्या कार्डावर लिहून घेतलं.

माफीचं कार्ड आणखी एकदा आलं तेव्हा मात्र बाबांनी हात टेकले. हा खेळ संपतो कधी, असं त्यांनी विचारलं. चालणारा बाहेर पडला की संपतो, ठमी म्हणाली. बाहेर कुठून पडायचं, त्यांनी विचारलं. ठमीने पटावरून बोट फिरवलं. बोट सगळ्या घरांतून फिरून जिथून निघालं तिथे परत आलं.

"दार होतं," ती म्हणाली. "पहिल्या पटावर होतं. त्याने काढायला सांगितलं."

त्याने म्हणजे आर्किटेक्टने. ठमीचं त्याच्याशी बऱ्याच दिवसांपासून जमलेलं होतं. घरात सगळे त्याला आर्किटेक्टच म्हणत. नावाने हाक मारली तर जावई झाल्यासारखं वाटेल, अशी बाबांना भीती होती. त्याचं म्हणणं पडलं की सोडून जाणं हीसुद्धा हिंसाच आहे आणि बाईंना ती चालणार नाही. 'ताबा ठेवणारा' हे नाव बदलून 'जपणारा' हेही त्यानेच सुचवलं होतं. ठमीला दोन्ही पटलं होतं. त्याचं तिला नेहमी पटायचं, आणि नाही पटलं तर पटेपर्यंत तो समजावून सांगायचा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती "घरीच आहे" म्हणाली, "अरे खरंच घरी आहे" म्हणाली, मग उठून भिंतीचा फोटो काढला, पाठवला आणि परत येऊन बसली.

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने हातातल्या कार्डाकडे बघितलं.

"ठमे, ही कार्डं तुला सुचली कुठून गं?"

"संशोधन केलं."

"कुणावर?"

"असंच. सर्वसाधारण निरीक्षण," ठमी म्हणाली आणि पुन्हा घड्याळाकडे बघून नखं खायला लागली.

पट उद्या सकाळी दाखवायचा होता आणि तो जगाच्या अंतापर्यंत चालणार होता. ठमीने आर्किटेक्टलाच मदतीला बोलावलं. तो फोटोतली भिंत प्रत्यक्ष बघायला उत्सुक असावा, कारण लगेच आला. त्याने पट निरखला आणि प्लॅन उत्तम असल्याचं सांगितलं. खेळ संपत नाही हा दोष नसून खेळणाऱ्यांमध्ये चिकाटी कमी आहे, असं त्याचं निदान होतं. त्यावर आत्याने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. ज्यांनी बनवलाय त्यांनीच एकदा खेळून दाखवा, म्हणाली. तू जपणारा, ठमी चालणारी, आणि कार्डं बाळ्या वाचेल. बाळ्या म्हणजे बाबा. त्यांनी तोंडातून ब्र न काढता गठ्ठा उचलला. तेवढी सवय त्यांना सकाळपासून झाली होती.

ठमीने कप कलंडवला.

"असा नाही गं धरत कप," आर्किटेक्ट म्हणाला. "दे, तुला नाही जमणार. मी करतो."

बाबांनी कार्ड उलटलं आणि वाचलं, "दे, तुला नाही जमणार. मी करतो."

ठमीने एक मित्र दिला. आर्किटेक्टने तिच्यासाठी कप कलंडवला आणि सहज विचारलं की सकाळी फोन बराच वेळ का लागत नव्हता, कुणाशी बोलणं चाललं होतं. "संशय नाही हं. मी फक्त विचारतोय."

बाबांनी पुढचं कार्ड उलटलं. ते त्यांनी सावकाश वाचलं. "संशय नाही हं. मी फक्त विचारतोय."

आता मात्र ठमीला हसू फुटलं. "तू कार्डं पाठ करून आलास. हे चीटिंग आहे."

"कार्डं?" आर्किटेक्ट म्हणाला. "मी कुठे बघितली तुझी कार्डं? ते किरकोळ काम तुझं तू केलंस. मी फक्त पट बघितला होता."

बाबांनी पुढचं कार्ड उचललं आणि न वाचताच पालथं घातलं. आत्या चष्मा पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

ठमीने बाबांच्या हातातून गठ्ठा घेतला आणि एकेक कार्ड वाचत गेली. सगळी तिच्याच अक्षरात होती. आत्याचं दुपारचं कार्ड सोडलं तर एका संध्याकाळी, एका बैठकीत लिहिलेली, कुठे खाडाखोड नाही. त्या दिवशी तिला वाटलं होतं की आपल्यात प्रतिभा आहे.

गठ्ठा संपल्यावर तिने विचारलं, "दार का काढायला लावलंस?"

"प्लॅनमध्ये बसत नव्हतं."

"काय रे," आत्याने मधेच तोंड घातलं, "इमारती पण अशाच बांधतोस का?"

"छे. तिथे आग लागली तर पळायला वेगळा जिना सक्तीचा असतो. त्याशिवाय नकाशा मंजूरच होत नाही."

"म्हणजे न लागलेल्या आगीसाठी जिना," आत्या म्हणाली, "आणि आमच्या पोरीसाठी साधं दारही नाही."

आर्किटेक्टने हा खेळ आहे, इमारत नाही, असं समजावून सांगायला सुरुवात केली. तो समजावत असताना ठमीने पेन्सिल घेतली आणि आपली सोंगटी उभी होती त्या घराला एक दार काढलं. मग शेजारच्या घराला काढलं. मग त्याच्या शेजारच्या.

"प्रत्येक घराला दार?" आर्किटेक्ट म्हणाला. "कप कलंडवायचा नाही, काही नाही, वाटेल तेव्हा बाहेर? मग थांबेल कोण?"

ठमीला उत्तर माहीत होतं असं नाही. ते तिला बोलता बोलताच सापडलं.

"थांबावंसं वाटेल असं वागलं की थांबतील," ती म्हणाली.

मग तिने सोंगटी उचलून पटाबाहेर ठेवली. "मी निघाले. म्हणजे खेळातून. आणि तसंही."

आर्किटेक्टने हाताची घडी घातली. "मी रागावलो नाहीये," तो म्हणाला आणि गप्प बसला. नियमाप्रमाणे इथे दोन चकत्या द्यायच्या होत्या. ठमीने त्या दिल्या नाहीत. सगळे वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की पुन्हा नाही असं होणार, शप्पथ. बाबांना हे कार्ड सकाळपासून तोंडपाठ झालं होतं. पण आता मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून त्यांनी फक्त उठून आर्किटेक्टची चप्पल सरळ करून ठेवली.

तो गेल्यावर ठमी थोडं रडली आणि रडता रडता पट्टी मागितली, कारण दारं वाकडी येत होती. दारं बाबांनी आखून दिली. सर्व्हेअरच्या हातची ती दारं इतकी काटकोनात आली की बघणाऱ्याला बाहेर पडायचा मोह व्हावा. शेवटचं दार आखून झाल्यावर ते म्हणाले, "अक्का, मी जरा फिरून येतो." आत्याने तोंड उघडलं, पटाकडे बघितलं आणि मिटलं.

सोमवारी सकाळी समुपदेशक बाईंच्या वर्गात मुलामुलींनी जोड्या करून पटाच्या आणि कार्डांच्या प्रती मांडल्या. ठमी खिडकीपाशी उभी होती. तिला वाटत होतं की विम्याच्या खुर्चीला निदान गादी तरी असावी.

पहिली जोडी दुसऱ्याच कार्डाला संपली. चालणाऱ्या मुलीने "मागची भिंत दिसू दे" ऐकलं, सोंगटी उचलली आणि खिशातून केळं काढून खायला लागली. मग दुसरी जोडी संपली, मग भराभर सगळा वर्ग. बाई अस्वस्थ झाल्या. खेळ तासिकेत संपायला हवा होता हे खरं, पण इतक्या लवकर संपला तर उरलेल्या वेळात करायचं काय? ठमीने सांगितलं की एवढ्या लवकर बाहेर पडता येतं हेच तर शिकवायचं होतं. हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर तिला स्वतःलाही ते आधीपासून माहीत असल्यासारखं वाटलं. मुलांनी अदलाबदल केली, पुन्हा मांडलं, पुन्हा बाहेर पडली. तिसऱ्या फेरीला एक मुलगा बराच वेळ दारापाशी सोंगटी धरून बसला. मग बाईंना हळूच विचारलं की खेळ सोडून दुसऱ्या एका गोष्टीबद्दल तास संपल्यावर बोलता येईल का. बाई म्हणाल्या, हो.

घंटा झाली. वर्ग आवरायला लागला, पण कोपऱ्यातली एक जोडी अजून खेळत होती. एवढ्या वेळात त्यांचा पहिलाच डाव संपला नव्हता. कुठेतरी एखादं घर दाराशिवाय राहिलं की काय, म्हणून ठमी धावली. दारं सगळी होती. पण जपणाऱ्या मुलीने निम्मा गठ्ठा शेजारी पालथा घालून ठेवला होता.

"हे काय?" ठमीने विचारलं.

"ही वाक्यं मला म्हणावीशी नाही वाटली," मुलगी म्हणाली. "म्हणायलाच पाहिजे असं नियमात नाहीये ना?"

नियमात नव्हतं. ठमीने पुन्हा आठवून बघितलं, खरंच नव्हतं. समोरचा मुलगा, सगळे मित्र आणि छंद शाबूत, मजेत कप कलंडवत होता आणि कसल्याशा क्रिकेट मॅचबद्दल सांगत होता. मुलगी ऐकत होती, मध्येच त्याला चुकीचं सांगतोस म्हणत होती. सोंगटी एव्हाना कुठे होती हे दोघांनाही माहीत नसावं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, मग जोडी बघितली. ठमीने घाईघाईने सांगितलं की हा एक दोष राहून गेलाय. अशी जोडी जमली तर खेळ तासिकेत संपत नाही, पण आठवडाभरात दुरुस्त करून देते.

"दुरुस्त नको," बाई म्हणाल्या. "एवढा दोष राहू द्या. बाकीच्या कॉलेजांनाही असाच द्या."

मग पुढच्या तासाच्या सरांना थोपवायला त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.