टी पेशींची हरकत

श्रीमती रामीबाई यांना आमवाताचे इंजेक्शन मंजूर झाले. वरील वाक्य नजरचुकीने छापले गेले असून ते कोणीही वाचलेले नाही, असे गृहीत धरून पुढील कामकाज सुरू करण्यात येत आहे.

रामीबाई दिग्रसजवळच्या तांड्यावर राहतात. कापूस वेचणारी त्यांची बोटे आता चहाची बशीही धरत नाहीत. इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. फक्त ओळख पटवायला मशीनवर अंगठा सपाट टेकवावा लागतो. आमवातामुळे अंगठा सपाट होत नाही. तो सपाट व्हावा म्हणूनच इंजेक्शन हवे आहे. इथपर्यंत कोणाचीच चूक नाही.

"जोर लावा, मावशी," खिडकीतले किसनराव बाबू म्हणाले.

"जोर असता तं तुमच्या दारात कायले आली असती, साहेब?"

लेक वर्षाने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. किसनरावांनी ती खड्या आवाजात वाचली. 'टी पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. या रुग्णाच्या टी पेशी स्वतःच्याच सांध्यांना परके समजतात. त्या इशारा देतात आणि बाकीच्या पेशी शहानिशा न करता तुटून पडतात.'

किसनराव खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे आतूनच हरकत आहे!"

"त्या पेशी चुकून राह्यल्या ना, साहेब. बिमारीच ते आहे," वर्षा म्हणाली.

"तुमचा देहच तुम्हाले ओळखून नाही राह्यला, तं शासन काहून ओळखीन? मावशी आपल्याच आहे, असं त्या पेशीयकडून लिहून आणा."

"पेशी कुठं राह्यते, माहीत आहे का?" वर्षाने विचारले.

"अर्जदाराच्याच पत्त्यावर. एका घरात राहून सही नाही आणता येत?"

"एका घरात राहून मायावाल्या बुढ्यानं कधी ऐकलं नाही," रामीबाई म्हणाल्या, "पेशी काय ऐकीन?"

किसनरावांनी नियमाप्रमाणे खिडकीबाहेर जाहीर केले, की एक बाई परकी असल्याची हरकत आली आहे, रांगेने धीर धरावा.

रांगेने धीर धरला नाही. "बाहेरची घुसली म्हणते!" पहिला म्हणाला. "हाकला!" दुसरा म्हणाला. तिसऱ्याला काहीच ऐकू आले नव्हते, म्हणून तो सर्वांत जोरात ओरडला. तांड्यावरचा शेजारी नेमसिंग तर बाह्या सावरत पुढे घुसला.

"अरे नेमसिंग, मी आहो, तुई काकी!"

"काकी, तू बाजूले हो! इथं कोणी बाहेरची बाई घुसली आहे!"

नेमसिंगच्या धक्क्याने काकी बाजूला झाल्या. बाजू म्हणजे पायऱ्या. "याडी, मले धर," म्हणत वर्षाने आईला हात दिला. पण तो धरायला आईची बोटे मिटली नाहीत, आणि ती पायऱ्यांवरून खाली पडली. बाहेरची बाई निघून गेल्याबद्दल रांगेने समाधान व्यक्त केले. इंजेक्शन पुन्हा बर्फाच्या डब्यात ठेवण्यात आले. तिथे ते सुखरूप आहे.

सदर रांगेत आपणही उभे होता. 'हाकला' म्हणणाऱ्यांत आपला आवाज स्पष्ट ऐकू आला असून, बाई कोण, हे आपण मान वळवूनही पाहिले नव्हते. तरी आपण नेमके कोणाला हाकलले, याचा खुलासा आपण तांड्यावर जाऊन, रामीबाईंच्या तोंडाकडे पाहून, एकट्याने करावा, ही नम्र विनंती.