हेल्लेवीबाईंचं मशरूम

हे कुणालाही सांगायचं नाही, असं बाबांनी मला दोनदा बजावलंय. (म्हणून सांगत नाही, लिहितेय.)

माझे बाबा, इल्पो, मशरूम ओळखून देणाऱ्या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळाचे प्रमुख होते. आमच्या कुओपिओ शहरात टोपली घेऊन जंगलात हिंडतात त्या बहुतेक बायकाच. संकेतस्थळावर मात्र बहात्तर पुरुष आणि तीन बायका. त्यांतली एक सोडून गेली, तेव्हा बायका इथे का टिकत नाहीत हा विषय निघाला.

"आपल्यात कुणीही उद्धट नाही," बाबांनी ठणकावलं. "एक उद्धट उत्तर दाखवा, प्रमुखपद सोडतो!"

पुरावा म्हणून त्यांनी 'हेल्लेवी' या नावाने खातं उघडलं आणि सकाळीच आणलेल्या गुबगुबीत मशरूमचा फोटो टाकला. खाली जातीचं नाव, 'सगळ्यांत चविष्ट' अशा शेऱ्यासह.

चार सेकंदांत उत्तर आलं : "नवख्यांच्या नोंदी बहुधा चुकतात. आधी पुस्तक वाचा."

बाबा लालबुंद. "कोण हा दीडशहाणा?"

हेल्लेवीबाईंनी सणसणीत लिहिलं : "तीस वर्षं मशरूम वेचतेय मी! अशानेच बायका पळतात!" चाळीस जणांनी तिची बाजू घेतली. (आमच्याकडे चाळीस माणसं एका दिवशी बोलली तर दंगलच म्हणायची.) मग कुणीतरी उत्तराखालची सही वाचली.

इल्पो.

नव्या सदस्यांना आपोआप जाणारं ते उत्तर बाबांनीच सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

"मलाही तेच आलं होतं," आई म्हणाली. "तेव्हाच सोडलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"पुस्तक वाचत होते."

बाबा शब्दाला जागले. पण सगळे म्हणू लागले, "आता हेल्लेवीच प्रमुख!" तेव्हा घाबरून त्यांनी घाईघाईने आईचं नाव पुढे केलं. आईने आधी ते उत्तर पुसलं, मग पहिलं नवं उत्तर स्वतः लिहिलं : "हेल्लेवीताई, स्वागत! फोटो सुंदर आहे. देठावरची जाळी काळपट दिसतेय, म्हणजे हे कडू जातीचं असावं. विषारी नाही, पण एक तुकडा अख्खं पातेलं नासवतो. पुढचं आपण मिळून ओळखू या."

बाबांनी ते दोनदा वाचलं. "भाषा छान आहे गं," ते म्हणाले. "पण मशरूम माझंच बरोबर. आत्ता सिद्ध करतो!" आणि त्यांनी सूप चढवलं.

मी घरात फारसं बोलत नाही. पण आज ठामपणे सांगणार आहे, की मला अजिबात भूक

"साइमी! ये गं लवकर, बाबांनी पहिला वाडगा तुझ्यासाठी भरलाय!"