पिठाच्या डब्यातला ऑक्सिजन

"मशीन माझ्यासमोर तपासा, मगच उद्या पाण्यात उतरा," असं बायकोने बजावलं आणि मी "त्यात काय, दहा मिनिटांचं काम!" म्हणून बसलो. (माझी दहा मिनिटं किती लांबतात, ते आमच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला विचारा.)

उद्या मेव्हण्याबरोबर समुद्रात डायव्हिंगला जायचं होतं. वर्षभर त्याचीच वाट पाहत होतो. माझं मशीन म्हणजे रीब्रीदर. आपणच सोडलेला श्वास गाळून आपल्याला परत देतं. त्यात ऑक्सिजन किती उरलाय, ते तीन सेन्सर सांगतात. ते खोटं बोलले तर माणूस पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध पडतो. तपासायचं गणित सोपं आहे: साध्या हवेत जो आकडा येईल, त्याच्या पावणेपाच पट शुद्ध ऑक्सिजनमध्ये यायला हवा.

हवेत तिन्ही दहावर. शाब्बास! मग मी पिठाचा डबा रिकामा करून झाकणाला भोक पाडलं.

"अहो, नवा डबा आहे तो!"

"घट्ट झाकणाचा हाच एक आहे."

"बरं, चहा तरी टाकू?"

"गॅस पेटवायचा नाही! ऑक्सिजन आहे!"

"म्हणजे डब्याला भोक, पीठ पातेल्यात आणि चहाही नाही. चालू द्या."

सेन्सर आत, ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी आत, भोकाला चिकटपट्टीचे सात वेढे. काम कसं, एकदम पक्कं! ऑक्सिजन सोडला. अकरा, बारा, तेरा... आणि फट्! झाकण थेट छताला. तिन्ही सेन्सर तेरावर. तीनतेरा म्हणतात ते हेच! पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. दुकानदाराला फोन लावला.

"तिन्ही सेन्सर भंगार दिलेत राव तुम्ही!" (फोन मुद्दाम स्पीकरवर. नवरा कसा खडसावतो, ते बायकोलाही कळू दे.)

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "डब्यातली आधीची हवा बाहेर जायला वाट ठेवलीय ना?"

मी चिकटपट्टीच्या सात वेढ्यांकडे पाहिलं. बायकोने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. दुसरं भोक पाडलं. पाच मिनिटांत तिन्ही सेन्सर अठ्ठेचाळीसच्या घरात.

"पास! सगळे पास!" मी जवळजवळ नाचलोच.

"सेन्सर पास," ती म्हणाली. "पण आत घेतलेली हवा बाहेरही सोडावी लागते, हे ज्याला दुकानदाराकडून कळावं लागतं, त्याला मी पाण्याखाली पाठवू?"

आणि तिने भावाला फोन लावला. "दादा, मशीन अगदी उत्तम आहे. उद्या तूच वापर. हे येतील ना, बोटीत बसून सामान सांभाळतील."

बोटीत बसलं की मला उलट्या होतात हो. पाण्याखाली जायला शिकलो, ते त्यासाठीच!