पाचव्या जोडीची वायर

"त्यात काय एवढं! मी करते की!"

सूनबाई सकाळच्या चहाला हे म्हणाली आणि टेबलावरचे दोन कप हवेतच थांबले.

एक सासऱ्यांचा, कारण बोट त्यांची होती. प्रवाशांना बंदरातून दीपस्तंभापर्यंत फिरवून आणणारी, वयानं सूनबाईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि स्वभावानं सासऱ्यांइतकीच हट्टी. दुसरा कप नवऱ्याचा. बायकोचा हा स्वर त्याच्या ओळखीचा होता. याच स्वरात तिनं मागे कपडे धुण्याचं मशीन उघडलं होतं, आणि ते परत बंद केल्यावर चार स्क्रू उरले होते! सासूबाईंचा कप मात्र हवेत थांबला नाही. तो खाली ठेवला गेला. आवाज न करता. घरात ज्याची भीती वाटावी, असा तोच एक आवाज होता.

अडचण अशी होती, की बोटीच्या अंगात बसवलेली जुनी साउंड सिस्टिम मुकी झाली होती. आतल्या बैठकीत दोन स्पीकर, बाहेर डेकवर दोन, सुकाणूच्या खोलीत आवाज वाढवणारा एक ठोकळा आणि त्याला लोंबणारा माइक. बटण दाबलं की घशात काटा अडकल्यासारखी घरघर, मग गप्प. आणि आठ दिवसांनी तपासणी! प्रवाशांना सुरक्षिततेच्या सूचना स्वच्छ ऐकू आल्या नाहीत तर परवाना नाही. शनिवारची पहिली फेरी भरलेली होती. मेकॅनिकनं एकदा डोकावून 'सगळं उपटून टाकावं लागेल' एवढंच सांगितलं होतं आणि तो जो गेला तो फोनच उचलत नव्हता.

"सूनबाई, हे जमेल ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, माझी डिग्रीच त्यातली आहे!"

आता डिग्री होती, हे खरं. पण बाळ झाल्यापासून अकरा महिने ती डिग्री फक्त खेळण्यांतले सेल बदलण्याच्या कामी आली होती. घरात तिची ओळख 'घाबरट' अशी झाली होती. बाळ शिंकलं की थर्मामीटर, झोपलं की नाकाशी बोट, आणि जास्त वेळ झोपलं तर उठवून 'झोपलास ना रे नीट?' अशी चौकशी! आपण एके काळी हुशार होतो, हे या लोकांना एकदा तरी दिसावं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि काय सांगावं, पहिले सहा दिवस ते दिसलंसुद्धा! तिनं बाकाखालची फळी काढली आणि खाऱ्या हवेनं हिरवे पडलेले वायरींचे सांधे शोधून काढले. ते नखं घासायच्या कानशीनं घासून लख्ख केले. जळका फ्यूज बदलला. जुना ठोकळा काढून पाचपट ताकदीचा नवा अँप्लिफायर बसवला. सहाव्या दिवशी चारही स्पीकर असे गायला लागले, की शेजारच्या बोटीवरचे काका रंगाचा ब्रश थांबवून म्हणाले, "वा! म्हातारीला कंठ फुटला की!" सासऱ्यांची छाती दोन इंच फुगली. सूनबाईची चार.

फक्त एक वायर उरली. पाचवी जोडी. करड्या रंगाची. भिंतीत शिरत होती आणि नाहीशी होत होती.

"बाबा, ही कुठे जाते?"

"असेल कुठली तरी. बोट घेतली तेव्हापासून आहे. सोडून दे."

सोडून दे! ज्या बाईनं घरातल्या प्रत्येक प्लगच्या भोकावर झाकण बसवलं होतं, टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला फोम चिकटवला होता, ती वायरीचं उघडं टोक सोडून देणार? तपासणीवाला काय म्हणेल! नव्या अँप्लिफायरच्या मागे, माइकच्या शेजारी, एक जागा रिकामी होती. तिनं ती जोडी तिथे नीट बसवून टाकली. दिसायला कसं सुरेख! घर आवरल्यासारखं.

तपासणीच्या दिवशी दुपारी अडीच वाजता कळलं, की गाणी वाजतात पण माइक बोलत नाही.

"हॅलो... हॅलो... हॅलो!" चारही स्पीकर ढिम्म. बाहेर धक्क्यावर डिझेलच्या पंपाचा खडखडाट चालू, त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

चारला तपासणी. सासरे अधिकाऱ्याला आणायला कचेरीत गेलेले. सासूबाई समोर धक्क्यावरच्या बाकावर, बाळाची गाडी शेजारी, हातात विणकाम. हाताशी उणापुरा दीड तास. पण हिंमत म्हणतात ती हीच! दोष खालीच असणार, असं तिनं ठरवलं. माइकचं बटण सारखं दाबून धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून त्यावर बाळाच्या मोज्याचं इलॅस्टिक गुंडाळलं. माइक लाळेऱ्याच्या नाडीनं गळ्यात अडकवला. फळ्या उचलून ती बोटीच्या पोटात उतरली. तिथली कोंदट हवा बाहेर टाकणारा पंखा लावला. तो गिरणीसारखा घरघरायला लागला. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पक्कड, आणि मनाला धीर म्हणून एका कानात इयरफोन, त्यात ताई.

सख्खी बहीण, आणि समोर कुणी नाही. मग माणूस बोलणार नाही तर काय करणार?

"काही होत नाही गं ताई, आवाजच जात नाहीये कुठे! ... नाही, एकटीच आहे. बाळ बाहेर आहे, सासूबाईंजवळ. ... तेच तर! लक्ष कसलं, त्यांचे डोळे मिटतात गं! विणता विणता मान खाली. मी काय केलंय, सांगू? कुणाला बोलू नकोस हं. बाळाच्या गाडीखाली बेबी मॉनिटर लपवलाय. त्याचा ऐकायचा डबा माझ्या कमरेला. रोज लावते. त्यांना पत्ताच नाही! ... अगं चांगल्या आहेत, पण चहात साखर घालायची म्हणजे यांच्या जिवावर येतं. अकरा महिने गरम पाणी पितेय मी!"

वरून, कुठूनतरी लांबून, एका बाईचा दबका, घोगरा आवाज येत होता.

"बाहेर कोण बाई बोलतेय, देव जाणे," सूनबाई म्हणाली. "काय घसा आहे! चारचौघात बोलायची काही रीत असते की नाही?"

"तुझा आवाज मला दोनदा येतोय गं," ताई म्हणाली.

"नेटवर्क! ... बाबा? बाबांचं वेगळंच! बंदरात मिशीला पीळ देऊन फिरतात, पण तुला खरं सांगू? त्यांना बोट लागते! हो! इतकी वर्षं बोट चालवतात आणि फेरीआधी गुपचूप गोळी घेतात. चष्म्याच्या डबीत असते. ... आज त्या तपासणीवाल्याला घेऊन येतायत. तो म्हणे नवे बूट घालून येतो आणि बुटाला जरा डाग लागला की बोट नापास. मी पायरीशी पायपुसणं टाकलंय. बूट जपला की परवाना मिळाला!"

तेवढ्यात कमरेचा मॉनिटर खरखरला. बाळ रडतंय की काय? तिनं इयरफोन काढला, पंखा बंद केला आणि मॉनिटर कानाला लावला.

मॉनिटरमधून बाळ रडत नव्हतं. लाटांचा आवाज येत होता, आणि पुष्कळ माणसं हसू दाबत असल्याचा.

"अरे?" सूनबाई म्हणाली.

'अरे?' मॉनिटर म्हणाला. तिच्याच आवाजात.

तिनं गळ्यातल्या माइककडे पाहिलं. त्याचा लाल दिवा तिच्याकडे पाहत होता. मॉनिटर घाईनं खाली नेताना तो माइकजवळ गेला आणि मग जी किंचाळी उठली, तिनं बंदरातले सगळे पक्षी एकाच वेळी उडाले!

पाचवी जोडी कुठे जाते, ते आता कळलं. ती डोलकाठीवर जात होती, आणि माइकचा सगळा आवाज चार स्पीकर सोडून तिच्यातून वर. तिथे धुक्यात दुसऱ्या बोटींना हाका मारायचा एक जुना कर्णा होता. दर वर्षी डोलकाठीबरोबर त्यालाही रंग बसत गेला होता आणि घरातल्यांचा समज असा, की तो कुठल्यातरी दिव्याचा पत्रा असावा. तोंड धक्क्याकडे. जुन्या ठोकळ्याच्या जिवावर तो कधी बोललाच नव्हता. नव्याची ताकद पाचपट.

अशा वेळी धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं, असं माणसाला वाटतं. पण पायाखाली धरणी तरी हवी ना! होतं ते पाणी. सूनबाईनं त्याचाही विचार केला. मग बाळ आठवलं, आणि ती एक एक पायरी चढून वर आली.

धक्क्यावर सगळं बंदर उभं होतं. डिझेलवाला, तिकीटवाली, शेजारचे काका, ब्रशसकट. पायरीशी सासरे. त्यांची मिशी पहिल्यांदाच खाली पाहत होती. शेजारी तपासणी अधिकारी, स्वतःच्या बुटांकडे बघत. बूट नवे होते.

"वहिनी, मी सांगायला येत होतो," डिझेलवाला ओशाळून म्हणाला. "पण तुमच्या सासूबाईंनीच अडवलं. म्हणाल्या, थांबा, बोलू दे तिला, अजून माझ्याबद्दलचं सगळं झालं नाही."

अधिकारी पायपुसण्यावर बूट पुसून चढले. डावा. मग उजवा. सावकाश, सगळ्यांच्या देखत. त्यांनी अँप्लिफायर पाहिला, सांधे पाहिले, आणि कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "आवाज स्पष्ट. बंदराच्या फाटकापर्यंत शब्द न् शब्द कळतो. पास." मग सासऱ्यांकडे वळले. "आता जरा बोट चालवून दाखवा. गोळी घेतलीत ना?"

हशा पिकला. सासऱ्यांनी चष्म्याची डबी काढली. आता लपवायचं काय राहिलं होतं!

सूनबाई धक्क्यावर उतरली. बाळ गाडीत टक्क जागं होतं आणि डोलकाठीकडे बघत आईला शोधत होतं. सासूबाईंनी विणकाम आवरलं, वाकून गाडीखाली हात घातला आणि लपवलेला मॉनिटर अचूक बाहेर काढला. चाचपडावंसुद्धा लागलं नाही.

"आई, मी... म्हणजे तसं नव्हतं..."

"याचे सेल उतरत आलेत," सासूबाई म्हणाल्या. "परवाच बदलले होते मी. लवकर खातो हा."

सूनबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही... बदलले?"

"मग? तुझ्या लक्षात कुठे राहतं! चार महिने मीच बदलतेय. बंद पडला असता तर जीव खाली-वर झाला असता तुझा." त्यांनी मॉनिटर परत गाडीखाली, होता तिथेच ठेवला. "डोळे मिटते मी, खरंय. कान मिटत नाही. आणि साखरेचं तोंडानं सांगायचं होतंस. मला वाटलं, तुला कमीच लागते."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं!  बंदराला पुरून उरेल एवढं सूनबाई आधीच बोलली होती. तिनं वाकून सासूबाईंचा खाली पडलेला लोकरीचा गुंडा उचलला आणि तो गुंडाळत बसली. बराच वेळ. गुंता नव्हताच त्यात.

शनिवारची फेरी झाली, पुढच्याही झाल्या. पाचवी जोडी काढून टाकायला सूनबाई दुसऱ्याच दिवशी पक्कड घेऊन गेली होती, पण सासूबाई आडव्या आल्या. "राहू दे," म्हणाल्या. "मला लागेल."

आता सूनबाई तिकिटांच्या खिडकीशी उभी असते आणि बाळ बोटीवर आजीपाशी. मॉनिटर घरी कपाटात आहे. तरी सवय जात नाही. दर तासाला तिची मान हळूच बोटीकडे वळतेच. आणि ती वळायचा अवकाश, डोलकाठीवरचा कर्णा खाकरतो. अख्खं बंदर हातातलं काम थांबवून ऐकतं, शेजारचे काका तर घड्याळ लावून घेतात.

"सूनबाई, बाळ झोपलंय. मी जागी आहे. आणि तुझा चहा झाकून ठेवलाय, तीन चमचे साखर घालून!"