आगिवले सरांचा कुलपातला पेपर

लग्नाच्या मांडवात लोक मुलगी बघतात, मुलगा बघतात, पंगतीत जिलबी आहे की नाही ते बघतात. आमचे आगिवले सर मांडवात लॉगिन बघतात.

माझ्या पुतण्याच्या लग्नातलीच गोष्ट. मुरबाडला आमच्या दारात मांडव. अक्षता पडल्या, माणसं पंगतीकडे धावली, आणि सर नवरीच्या मामेभावाला खांबाजवळ गाठून उभे. हा पोरगा परदेशात कुठल्याशा विद्यापीठात शिकतो, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. "तुमच्या लायब्ररीत जर्नलं उघडतात का हो सगळी?" पोरगा म्हणाला, "उघडतात बहुतेक, माझ्या लॉगिननं." सरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन असा काही दाबला की लांबून बघणाऱ्या त्याच्या आईनं मला बाजूला घेतलं. "ते गृहस्थ कोण? मुलगी आहे का त्यांना लग्नाची?"

मी म्हटलं, "मुलगी नाही हो. त्यांना एक पेपर पाहिजे आहे."

पेपर म्हणजे शोधनिबंध. सर शहापूरच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, मी शेजारच्या खोलीत हिशेब शिकवतो. त्यांना हवा असलेला पेपर त्यांच्या आईबद्दल होता. सरांची वाडी उंबरमाळीच्या पुढं, डोंगरात. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथं एक संशोधक बाई आल्या, सरांच्या घरी राहिल्या, आणि सरांच्या आईबरोबर, भागीबाईंबरोबर, रानात हिंडल्या. कुठला कंद खायचा, कुठली भाजी कशी उकडायची, सगळं विचारून घेतलं. मग त्यांचा पेपर छापून आला आणि एका वेबसाइटवर कुलपात जाऊन बसला. पैसे भरा, नाहीतर वरच्या चार ओळी वाचून घरी जा. सर तेव्हा बाहेरगावी शिकत होते. पुढं नोकरी लागली, पण पेपर काही उघडला नाही. सर घरी गेले की भागीबाई विचारायच्या, "त्या बाईनं माजं काय लिवलं रं?" आणि आता भागीबाईंचे कान जायला लागले होते. डावा तर गेलाच होता. उजव्यातही मोठ्यानं बोलल्याशिवाय काही शिरत नव्हतं.

"देसले सर," ते मला म्हणायचे, "पेपर मिळेल हो कधीतरी. पण तिला ऐकू येतंय तोवर मिळायला पायजे."

मी हिशेबाचा माणूस. मी म्हणायचो, "भरून टाका पैसे एकदाचे." यावर सर उसळायचे. "कशाला? संशोधन सरकारी खर्चानं झालं. म्हणजे तुमच्या-माझ्या पैशानं. लिहिणाऱ्याला त्यातली दमडी मिळत नाय. तपासणारा फुकट तपासतो. आणि कंद माझ्या आईचे! मंग मधे कुलूप लावून बसलेला हा कोण?"

"म्हणजे फुकट ते पौष्टिक, असं म्हणा की."

"पौष्टिकच असतं. म्हणून तर सगळ्यांना वाढायला पायजे."

पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं की लॉगिनवाले जावई आणि मामेभाऊ शोधत हिंडण्यापेक्षा लिहिणाऱ्यालाच मागा, बहुतेक जण आपला पेपर आनंदानं पाठवतात. झालं! सर जगभर ईमेल लिहायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभावच नाही. पहिल्याच ओळीत मागणी, आणि मग पानभर घरची खुशाली. शहापुरात उकाडा किती आहे, करवंदं कशी आली आहेत, तुम्ही इकडे आलात तर उतरायची सोय आहे. ब्राझीलच्या एक कंद-अभ्यासक बाई त्यांना पेपर पाठवतात आणि खाली विचारतात, "आईची तब्येत कशी आहे?" स्टाफरूममध्ये आम्हाला एकमेकांच्या आईचं नाव माहीत नसतं.

दुसऱ्याकडून उघडं मागायचं तर आपलंही उघडं ठेवायला पाहिजे, हे सरांचं तत्त्व. म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेबाहेर एक फलक आहे, त्यावर चालू प्रयोगांचे निकाल असतात. जमलेले आणि फसलेलेही. बाहेरून तपासणी समिती आली त्या दिवशी फलकावर ठळक अक्षरांत होतं: 'नाचणीचं बी उगवलं नाही. कारण: मी पाणी घालायला विसरलो. आगिवले.' प्राचार्यांना घाम फुटला. ते फलकासमोर हात पसरून उभे राहिले, तर समितीतले एक म्हातारे सदस्य त्यांच्या काखेखालून वाकून वाचायला लागले आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच वाचतोय, पण केलंय पुष्कळदा."

वाडीत तर त्यांनी रिवाजच पाडला आहे. कुणीही संशोधक आला की चहाच्या आधी त्याला विचारतात, "लिवल्यावर वाचून दावशील ना?" हो म्हटलं तरच कप पुढं येतो. मग तो विद्यार्थी वर्षा-दोन वर्षांनी येतो, समाजमंदिराच्या ओट्यावर बसून आपला निबंध वाचतो आणि सर वाडीच्या बोलीत सांगतात. एकदा एकानं बकऱ्यांवर काम केलं होतं. वाचन झाल्यावर एक म्हातारा उठला. "समदं बराबर हाय. पण आमची काळी शेरडी कुठं गेली यातनं?" विद्यार्थी म्हणाला, "आजोबा, ती सरासरीत आली." "सरासरीत कशी येल? ती तर कवाच कुनाच्यात मिसळत नाय!"

एवढ्या सगळ्यांचे पेपर उघडले, पण भागीबाईंचा काही उघडेना. त्या संशोधक बाईंना लिहिलेला ईमेल परत यायचा. नोकरी बदलली असावी. विद्यापीठाला विचारलं, उत्तर नाही. सर दर शनिवारी वाडीवर जायचे आणि सोमवारी आले की मी काही विचारायच्या आत स्वतःच सांगायचे, "येतंय अजून ऐकू. फक्त जरा ओरडावं लागतं."

शेवटी धावून आल्या त्या ब्राझीलच्या बाई. त्या आणि आपल्या संशोधक बाई, कंदवाल्या दोघी, कुठल्याशा परिषदेत भेटल्या होत्या. त्यांच्याकडून नवा पत्ता आला, सरांनी लिहिलं, आणि लगेच उत्तर! संशोधक बाईंनी लिहिलं होतं की विद्यापीठ सोडल्यापासून त्यांचा स्वतःचा पेपर त्यांनाही उघडता येत नाही. मात्र छापायला पाठवण्याआधीची प्रत जवळ आहे, ती द्यायला काहीच हरकत नाही. सोबत जोडली आहे.

सरांनी मला स्टाफरूमभर फिरवलं. "पाहिलंत? जिनं घर बांधलं तिलाच कुलूप!" मग दोन प्रती छापल्या आणि म्हणाले, "चला. शनिवारपर्यंत थांबायला नको."

भागीबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. सर त्यांच्या उजव्या बाजूला टेकले, तोंड कानाशी नेलं आणि वाचायला लागले. पेपर इंग्रजीत, सर एकेक वाक्य त्यांच्या बोलीत ओरडून सांगत होते. मी दुसरी प्रत घेऊन समोर बसलो होतो.

"भागीबाई आगिवले यांनी दावलं, कडूकंद रातभर वाहत्या पान्यात ठेवल्याबिगर खायाचा नाय."

भागीबाईंचे हात थांबले. "माजं नाव लिवलंय?"

"लिवलंय ना, आये. भागीबाई सांगतात, शेवळाच्या रानभाजीत काकडाची आंबट फळं घालावीच लागतात, नायतर घसा खाजतो."

"तिचा खाजला व्हता," भागीबाई एकदम हसल्या. "पन बोलली नाय पोर. गुमान खाल्लं."

मी माझ्या हातातली प्रत बघत होतो. त्या वाक्यात नाव नव्हतं. मागं उलटलं, पुढं उलटलं. 'माहिती देणारी वयस्कर स्त्री' असं होतं, तेही एकदाच, तक्त्याखाली बारीक अक्षरात. सर मान खाली घालून वाचत होते. पान उलटलं की भागीबाई, नव्या कंदाला भागीबाई. शेवटच्या संदर्भांच्या यादीतूनही त्यांनी चार वेळा भागीबाई काढल्या. जमाखर्चात एका पैची चूक मला खपत नाही, पण त्या ओट्यावर मला एकही चूक दिसत नव्हती.

वाचून संपलं. भागीबाई पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आजून येकदा वाच."

सरांनी पहिलं पान काढलं आणि पुन्हा कानाशी वाकले. या खेपेला कंद खणून आणायला भागीबाईंबरोबर सरांचे वडीलही होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मी माझी प्रत मिटली आणि ऐकत बसलो.