दचक्याला शाब्बासकी

कुत्रा पाळायचा नाही, फक्त दोन दिवस सांभाळायचा, असं शोधकरावांनी ठरवलं होतं. (दोन दिवसांसाठी म्हणून आलेली एक आरामखुर्ची त्यांच्या घरात अकरा वर्षं होती, पण ते असो.) शोधकराव एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका छापून यायच्या आत पकडायच्या, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. म्हणूनच छापखान्यातल्या मंडळींनी त्यांना हे नाव दिलं होतं. कुत्रा सापडला तो छापखान्याच्या गोदामात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे. मशीन सुरू झालं की तो थरथरायचा, आणि मशीन बंद झालं की आता का बंद झालं म्हणून थरथरायचा.

घरी आल्यावरही त्याच्यात फारसा फरक पडला नाही. मिक्सर, दारावरची बेल, उघडलेली छत्री आणि फ्रिजच्या दारात दिसणारा दुसरा कुत्रा यांना तो घाबरेच, पण एकदा स्वतःच्याच शिंकेला घाबरून जो पलंगाखाली गेला तो जेवायच्या वेळेलाच बाहेर आला. बायकोने त्याचं नाव दचक्या ठेवलं. दचकला की दचक्याचा ताबा सुटे, आणि तो दिवसातून पंधरा-सोळा वेळा तरी दचके. घरातलं फरशी पुसायचं फडकं वाळेनासं झालं.

दोन दिवसांचे आठ दिवस झाले तेव्हा बायकोने विषय काढला.

"अहो, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आई येतेय. महिनाभर राहायला."

"येऊ देत की," शोधकराव म्हणाले. (दुसरं काय म्हणणार?)

"तिने दिलेला गालिचा मी माळ्यावर टाकलाय. ती आली की तो दिवाणखान्यात अंथरावाच लागेल. त्याच्यावर एक थेंब जरी पडला, तर दचक्या परत छापखान्यात. मला वाईट वाटेल, पण मी पाठवीन. आधीच सांगून ठेवते."

शोधकरावांना काळजी लागली. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. शोधकरावांनी स्वतः तीन वेळा तपासलेल्या त्यांच्याच लग्नपत्रिकेतली चूक सासूबाईंनी भर मांडवात दाखवून दिली होती, आणि त्यानंतरच्या बावीस वर्षांत जावयाबद्दल त्यांनी एक बरा शब्द उच्चारला नव्हता. पण खरी काळजी ती नव्हती. दचक्याचा त्यांना लळा लागला होता. जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना घाबरणारा तो जीव शोधकरावांना मात्र घाबरत नसे. संध्याकाळी ते आले की त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून बसे. आपली अशी वाट बघणारं कोणी असतं, हे शोधकरावांना नवीनच होतं. (बायकोही वाट बघे, पण ती त्यांच्या हातातल्या पिशवीची.)

दुसऱ्याच दिवशी ते दचक्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी दचक्याला तपासलं, म्हणजे तो टेबलाखाली होता तिथे वाकून पाहिलं.

"याला रागावता का?"

"थोडंफार. चूक दाखवून देतो."

"अजिबात नको. घाबरलेल्याला रागावलं की तो आणखी करतो. रोज सकाळ-संध्याकाळ एकाच ठिकाणी न्या. तिथे केलं की लगेच कौतुक करा. एकच शब्द ठरवा, तोच म्हणा, आणि वर बिस्कीट द्या. पण कौतुक मनापासून हवं हं. कुत्र्यांना खोटं कळतं."

शोधकराव चिंतेत पडले. मुद्रितशोधनात चुकांसाठी पंचवीस-तीस खुणा आहेत, पण बरोबर असलेल्या मजकुरासाठी एकही नाही. तिथे काही लिहायचंच नसतं. त्यामुळे तीस वर्षांत त्यांनी कोणाचं कौतुक केलं नव्हतं, आणि आता ते एकदम मनापासून करायचं म्हणजे सराव हवा. त्यांनी 'शाब्बास' हा शब्द निवडला आणि सुरुवात छापखान्यातल्या बाइंडरपासून केली.

"शाब्बास!" बाइंडरने शिवलेलं पुस्तक हातात घेऊन ते म्हणाले.

बाइंडरचा चेहरा उतरला. "काय चुकलं, साहेब?"

"काही नाही. छान शिवलंयस."

बाइंडर मटकन स्टुलावर बसला. "साहेब, खरं काय ते सांगा. मला काढतायत का?"

घरी तर त्याहून वाईट झालं. सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन ते खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले, "वा! शाब्बास!"

बायकोने कपबशी खाली ठेवली. "काय फोडलंत?"

"काहीच नाही. सहज म्हटलं."

"बावीस वर्षांत सहज नाही म्हणालात ते." तिने कपाट उघडून काचेची भांडी मोजली. सगळी जागच्या जागी होती, म्हणून तर तिचा संशय आणखी वाढला. शेवटी त्यांनी कुत्र्यासाठीच्या सरावाची हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्यावर तालीम आणि प्रयोग कुत्र्यापुढे! पुन्हा हा शब्द या घरात काढलात तर बघा."

तो शब्द घरातून हद्दपार झाला.

मग रोज सकाळी सहाला शोधकराव आणि दचक्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी उभे राहू लागले. दचक्या पाय उचले, इतक्यात लांबवर कोणाची तरी सायकल वाजे आणि पाय खाली येई. पुन्हा उचले, तर पान पडे. पहिले तीन दिवस त्या खांबाला काहीच मिळालं नाही, जे काही मिळायचं ते घरच्या पायपुसण्याला मिळालं. चौथ्या दिवशी मात्र दचक्याने पाय उचलला आणि तो उचललेलाच राहिला. आता इथे डॉक्टरीणबाईंनी 'केलं की' असं म्हटलं होतं. पण गोष्ट घडायच्या आत पकडायची, ही तीस वर्षांची सवय जाते कुठे? छापून झाल्यावर बोलून काय फायदा? दचक्याने काही करायच्या आतच ते ओरडले, "शाब्बास!"

दचक्या दचकला, आणि झालं.

त्याला बिस्कीट मिळालं. संध्याकाळीही तसंच झालं, दुसऱ्या दिवशीही. आठवडा संपत आला तेव्हा खांबापाशी जाऊन 'शाब्बास' म्हणायचा अवकाश, की दचक्या कामाला लागे. घरात एक थेंब नाही. फडकं वाळून कडक झालं. शोधकरावांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी बाइंडरलाही ही पद्धत समजावून सांगितली. (बाइंडर त्यांच्यापासून जरा लांबच उभा राहिला.)

रविवारी सासूबाई आल्या. गालिचा अंथरला होता. दचक्या आधी सोफ्याखाली होता, पण अर्ध्या तासाने हळूच बाहेर आला, त्याने सासूबाईंची चप्पल हुंगली आणि गालिच्यावर मधोमध बसला. बायको फडकं घेऊन उभी राहिली. काही झालं नाही. दारावरची बेल वाजली, तरी काही झालं नाही.

"आई, हाच तो. दिवसाला सोळा वेळा घाण करायचा. पण यांनी शिकवलं त्याला, आणि आता एक थेंब नाही."

"यांनी?" सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि जावयाकडे बघितलं. "मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. घाबरलेलं पोर शिकवणं सगळ्यात अवघड असतं. मी तुम्हाला ओळखलं नव्हतं म्हणायचं. जावईबापू, शाब्बास!"

शोधकरावांचे डोळे भरून आले. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी पाहिलं, की दचक्या उठला आहे. तो सोफ्याच्या पायाशी गेला, त्याने पाय उचलला आणि अजिबात न दचकता, अगदी सावकाश, सासूबाईंच्या गालिच्यावर सगळं काम पूर्ण केलं. मग तो शोधकरावांसमोर येऊन शेपूट हलवत बसला. शोधकरावांचा हात आपोआप खिशात गेला आणि त्यांनी त्याला बिस्कीट दिलं.

"अहो!" बायको किंचाळली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही याला शाब्बास कधी म्हणायचात? करायच्या आधी की नंतर?"

"आधी," शोधकराव पुटपुटले.

"पेपर लिहायच्या आधी मार्क देतं का कोणी? तुम्ही त्याचं कौतुक नाही केलंत, त्याला हुकूम शिकवलात. पोरगं हुशार आहे, सांगितल्याबरोबर केलं. मास्तर कच्चा निघाला." त्यांनी वाकून दचक्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरला नाही. "मास्तरच्या चुकीसाठी पोराचं नाव शाळेतून काढत नाहीत. हा इथेच राहील. गालिचा काय, धुता येतो."

बायकोने दचक्याकडे पाहिलं. तो शोधकरावांच्या पावलावर हनुवटी टेकून बिस्किटाचा चुरा चाटत होता. "राहू दे बाई," ती म्हणाली. शोधकरावांना इतका आनंद झाला की गालिचा कोण धुणार हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. (ते तसंही ठरलेलंच होतं.)

"फक्त एक पथ्य पाळा," सासूबाई मुलीला म्हणाल्या. "या घरात जावईबापूंना कोणी कधी शाब्बास म्हणायचं नाही."

"एवढंच ना?" बायकोने नवऱ्याच्या हातात बादली दिली. "ते तर आम्ही बावीस वर्षं पाळतोच आहोत."